आईला झऱ्यावर घेऊन जा, पण गुरुवारची गोळी चुकवू नका

साताऱ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग थोडक्यात देते. त्यांच्या आईचे वय ६१ आहे. माण तालुक्यातल्या गावी त्या एकट्या राहत असत, दोन वर्षांपासून मुलीकडे साताऱ्यात असतात. अकरा वर्षांपासून त्यांना सोरायसिस आहे. कोपरे, गुडघे, डोक्याची त्वचा आणि दोन्ही तळहात यांवर चट्टे आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी दर गुरुवारी मेथोट्रेक्सेटची गोळी, सोबत फॉलिक ॲसिड आणि लावायला मलम दिले आहे. मेढ्याच्या पुढे डोंगरात एका देवस्थानाजवळ झरा आहे आणि त्याच्या गंधकाच्या पाण्याने अंगावरचे सगळे निघून जाते, असे शेजारच्या काकूंनी सांगितल्यापासून आईंनी ध्यास घेतला आहे. माघातल्या पहिल्या सोमवारपासून ओळीने पाच सोमवार तिथे आंघोळ करायची आणि तेवढे दिवस औषध बंद ठेवायचे, कारण "देवाच्या पाण्याला औषध चालत नाही". पुण्यात नोकरीला असलेला भाऊ म्हणतो की हा सगळा अडाणीपणा आहे, तू तिला अजिबात नेऊ नकोस, आणि तिने गोळी घेतली नाही तर कुटून भाजीत घाल. पत्रलेखिका विचारतात, "मी आईला नेले तर अंधश्रद्धेला खतपाणी घालते का, आणि नाही नेले तर तिचे मन मोडते का, हे मला कळेनासे झाले आहे." शेवटी तीन लहान प्रश्न आहेत : झऱ्याचे पाणी प्यावे का, कॅनमध्ये भरून घरी आणावे का, आणि सात वर्षांच्या मुलीला सोबत न्यावे का.

प्रिय भगिनी,

उत्तर आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. आईंना झऱ्यावर अवश्य न्या, पाचही सोमवार न्या, आणि स्वतः सोबत जा. गुरुवारची गोळी मात्र या पाचांपैकी एकाही आठवड्यात चुकू देऊ नका. आईंच्या मनात आज या दोन गोष्टी एकमेकींच्या आड उभ्या आहेत. त्या तशा नाहीत हे त्यांना न दुखावता कसे पटवून द्यायचे, हाच तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आले आहे. आई भाकरी थापत असताना दारात कोणी आले की त्या परात बाजूला सारतात आणि हात पदराखाली घेतात, असे तुम्ही लिहिले आहे. बाकीचे पत्र मी दोनदा वाचले, हे वाक्य कितीतरी वेळा वाचले. अकरा वर्षे जी बाई स्वतःचे हात लपवत आली आहे, तिला कोणी सांगितले की अमुक ठिकाणी गेलीस तर हे हात पुन्हा उघडे ठेवता येतील, तर ती तिथे जाण्याचा ध्यास घेणारच. त्यात अडाणीपणा कुठे आला? तुमच्या भावाने चट्टे पाहिले आहेत, पण ही बाजूला सारलेली परात बहुधा पाहिलेली नाही.

माझी आत्या पाटणच्या बाजूला दिलेली होती. तिलाही हाच आजार होता, पण तेव्हा आमच्या घरात त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. काहीजण त्याला महारोग समजत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे येत असे, पण वाण तिच्या हातात देण्याऐवजी पाटावर ठेवले जाई आणि तिने ते उचलून घ्यायचे असे. मी आठ-नऊ वर्षांची असताना ती मला घेऊन खोऱ्यातल्या एका झऱ्यावर गेली होती. तिथे आलेल्या बायकांपैकी कोणाच्या पायाला जखम होती, कोणाच्या मानेवर नायटे होते, एका मुलीच्या डोक्यात खवडे होते. आत्याने चोळीच्या बाह्या दंडापर्यंत वर केल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली. तिच्याकडे कोणीही टक लावून पाहिले नाही. शेजारच्या एका अनोळखी म्हातारीने आपल्या हाताने तिच्या पाठीवर तांब्याने पाणी घातले. आत्याला इतर कोणी असे सहज हात लावल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते. तिचे चट्टे त्या पाण्याने गेले नाहीत. तरीही त्या दिवशी तिला जे मिळाले, ते खरोखरच मिळाले होते, आणि म्हणूनच आईंना नेऊ नका असे मी तुम्हाला सांगणार नाही.

त्याच आत्याची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. पुढे काही वर्षांनी तिला तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होत्या. कोणीतरी व्रत सांगितले आणि औषध सोडायला लावले, आणि तिने त्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या. दोन आठवड्यांच्या आत तिचे सगळे अंग लालभडक झाले, त्यावर पू भरलेले बारीक फोड उठले, थंडी वाजून ताप भरला, आणि तिला नऊ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. सोरायसिसमध्ये पोटातून घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले तर आजार असा उसळी मारून येऊ शकतो, ही वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे, पण आमच्यापैकी कोणालाच ती माहीत नव्हती.

आईंचे औषध वेगळे आहे आणि त्याचा धोकाही वेगळ्या प्रकारचा आहे. मेथोट्रेक्सेट फार सावकाश काम करते. सुरू केल्यावर पुरता फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि बंद केल्यावरही त्वचा लगेच बिघडत नाही, काही आठवडे ती होती तशीच राहते. आता पाच सोमवारांचा हिशेब करून पाहा. आईंनी माघात गोळी थांबवली, तर त्या पाच आठवड्यांत बहुधा काहीच बिघडलेले दिसणार नाही, कदाचित चट्टे थोडे मऊ पडलेलेही दिसतील, आणि गोळीची गरजच नव्हती अशी सगळ्यांची खात्री पटेल. मग चैत्र-वैशाखात चट्टे परत येतील. त्या वेळी आई झऱ्याला दोष देणार नाहीत आणि सोडलेल्या गोळीचीही त्यांना आठवण येणार नाही. त्या म्हणतील, माझेच काहीतरी चुकले, माझ्याच भक्तीत उणीव राहिली. आजाराचा त्रास त्या अकरा वर्षे सोसत आल्या आहेत. त्यावर हे ओझे चढू नये, एवढ्यासाठी तरी गोळी सुरू राहिली पाहिजे. डॉक्टरांना या पाच फेऱ्यांविषयी आधी सांगून ठेवा. रक्ताची आणि यकृताची तपासणी राहिली असेल तर ती याच निमित्ताने करून घ्या.

भावाने सुचवलेला उपाय कृपा करून करू नका. मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची गोळी आहे. चुकून ती रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि जिवावर बेतू शकते. भाजीतून लपवून दिलेली गोळी आईंनी स्वतःहूनही घेतली, किंवा ती भाजी घरातल्या दुसऱ्या कोणी खाल्ली, तर काय होईल याचा विचार करा. गरोदर किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने तर या गोळीच्या कुटलेल्या पुडीला हातही लावू नये. यापलीकडची गोष्ट अशी की, ज्या मुलीवर विश्वास टाकून आई साताऱ्याला राहायला आल्या, त्याच मुलीने जेवणात काही मिसळले हे त्यांना कळले, तर तुमच्या हातचे अन्न त्या पुन्हा निःशंकपणे कसे खातील?

त्याऐवजी आईंना एक प्रश्न विचारा : औषध चालत नाही हे नेमके कोणी सांगितले? ते काकूंनी सांगितले, आणि काकूंनाही ते कोणाकडून तरी कळले. जावळी आणि पाटणच्या डोंगरात मी जे झरे पाहिले, तिथे पाण्याचे नियम फार स्पष्ट असतात आणि ते पाणी जपण्यासाठीच असतात. वरच्या कुंडात हात-पाय घालायचे नाहीत, तिथून फक्त पिण्याचे पाणी भरायचे. त्याच्या खालच्या कुंडात आंघोळ आणि धुणे. सगळ्यात खाली गुरे. चपला लांब काढायच्या, साबण लावायचा नाही, पाण्यात थुंकायचे नाही. औषध घेणाऱ्याने येऊ नये असा नियम मी कोठेही ऐकलेला नाही. पहिल्या सोमवारी देवळातल्या गुरवांना आईंच्या समोरच नम्रपणे विचारा की, आमची आई डॉक्टरांची गोळी घेते, तर तिने स्नान केलेले चालेल ना? माझा अनुभव असा की, पिढ्यान्पिढ्या झऱ्याची सेवा करणारी माणसे अशा वेळी फार समजुतीने बोलतात, आणि त्यांच्या तोंडून आलेला शब्द आईंच्या मनात तुमच्या-माझ्या शंभर शब्दांपेक्षा खोल जाईल. समजा, गुरवांनीही औषध सोडायला सांगितले, तर आईंना म्हणा की सोमवार देवाचा आणि गुरुवार डॉक्टरांचा, मधले दोन दिवस दोघांनाही पुरेसे आहेत. तरीही त्या ऐकत नसतील, तर मात्र पहिली फेरी पुढे ढकला आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथे आईंना स्वतःच्या तोंडाने प्रश्न विचारू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

आता पाण्याविषयी. काकू म्हणतात तसे ते गंधकाचे असेल असे मला वाटत नाही. गंधकाचा वास येणारी गरम पाण्याची कुंडे सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणपट्टीत आहेत : वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, खेडजवळचे उन्हवरे, संगमेश्वरकडचे तुरळ आणि राजवाडी. त्यांतल्या काही ठिकाणी पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलेले असते आणि नुसता पाय बुडवला तरी पोळतो. आपल्या बाजूचे झरे थंड पाण्याचे आहेत आणि त्यांची घडण निराळी आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभा दगडाची टोपी आहे. तो दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरत जाते. खाली घट्ट काळा पाषाण लागला की त्याला आणखी खाली जायला वाट मिळत नाही, मग ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत जिथे फट सापडेल तिथून बाहेर येते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम मानून गोमुखातून जे पाणी पडते, तेही याच डोंगराने पावसाळ्यात पोटात साठवलेले असते. त्यांतली वेण्णा मेढ्यावरून खाली येते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते. म्हणजे तुम्ही ज्या झऱ्यावर जाणार आहात, त्याचे पाणी बहुधा आपल्याच नदीला जाऊन मिळत असणार. अशा झऱ्याचे पाणी जमिनीच्या पोटातून येत असल्यामुळे वर्षभर जवळपास एकसारख्याच उष्णतेचे असते. म्हणून ते माघातल्या पहाटे कोमट लागते आणि वैशाखात गार लागते, आणि लोकांना त्यात देवाचा हात दिसतो.

मला स्वतःला त्यात खटकण्यासारखे काही दिसत नाही, विशेषतः आई माणदेशातल्या आहेत हे लक्षात घेतल्यावर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात, शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत, माणमध्ये तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. ज्या बाईने उभे आयुष्य हंडा घेऊन टँकरची वाट पाहिली, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरले, तिच्यापुढे डोंगराच्या दगडातून, कोणी उपसत नसताना, कोणी मोटर लावलेली नसताना, ऐन माघात स्वच्छ पाणी वाहत असेल, तर ती हात जोडणारच. मी तिच्या जागी असते तर मीही जोडले असते.

या पाण्याने सोरायसिस बरा होतो का, याचे उत्तर नाही असे आहे. हा आजार पाण्याने लागत नाही, स्पर्शाने लागत नाही, त्याचा महारोगाशी काहीही संबंध नाही, आणि म्हणूनच तो धुऊनही जात नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा त्वचेला चुकीची घाई करते. एरवी त्वचेची नवी पेशी तयार होऊन वर यायला महिनाभर लागतो, या आजारात तीच गोष्ट चार-पाच दिवसांत उरकते, आणि जुन्या पेशी गळून पडण्याआधीच नव्या येऊन त्यांचे खवले साचतात. ही घाई रोखण्याचे काम गुरुवारची गोळी करते. पाणी दुसरे काम करते : खवले भिजून मऊ होतात, खाज कमी होते, त्वचेच्या भेगांची आग निवते. त्यासोबत माघातले कोवळे ऊन अंगावर पडते, आणि सोरायसिसला बेताचे ऊन मानवते. मृत समुद्राच्या काठी अतिशय खारट पाणी आणि ऊन यांच्या जोडीने याच आजारावर उपचार केले जातात. आपल्या झऱ्यात तसे मीठ नाही, पण ऊन तेच आहे. मनाला मिळणारा विसावाही त्यात धरायला हवा, कारण ताणाने हा आजार वाढतो हे आईंनी स्वतः अनेकदा अनुभवले असेल.

मग काकूंच्या ओळखीतल्या माणसाचे सगळे अंग स्वच्छ झाले ते कसे? ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. सोरायसिस भरती-ओहोटीसारखा येतो आणि जातो. कोरड्या थंडीत तो वाढतो, पुढे उन्हे लागली की अनेकांचा कमी होतो. माणूस झऱ्याकडे धाव घेतो तो त्रास कळसाला पोहोचल्यावर, म्हणजे पौष-माघात. आणि नेमकी त्यानंतर ओहोटी लागणारच असते. ज्यांचे चट्टे गेले ते चार गावांत सांगतात. ज्यांचे राहिले ते गप्प बसतात, माझ्या आत्यासारखे.

भावाशी बोलताना हे सगळे सांगा, आणि आणखी एक सांगा. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच साताऱ्याचे होते आणि त्यांनी इथे अनेक वर्षे वैद्यकी केली होती. त्यांचा झगडा देवाला हात जोडण्याशी नव्हता, तो श्रद्धेच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीशी आणि छळाशी होता, हे त्यांनी वारंवार सांगितले होते. त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदाही यात्रा, प्रदक्षिणा, पूजा यांना हात लावत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा मात्र त्यात गुन्हा आहे. आईंच्या बाबतीतही रेषा तिथेच काढावी असे मला वाटते. झऱ्यावर कोणी पैसे मागितले, अंगाला लावायला पूड किंवा लेप दिला, किंवा पोटात घ्यायला काही दिले, तर ते घ्यायचे नाही. अशा पुड्यांमध्ये काय असते हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृतावर कसलाही जादा भार परवडत नाही.

प्रत्यक्ष जाण्याविषयी थोडे लिहिते. पहाटेचा आग्रह धरू नका, दहाच्या सुमारास ऊन अंगावर येईल अशा बेताने पोहोचा. सोमवार असला तरी यात्रेचा किंवा महाशिवरात्रीच्या आसपासच्या गर्दीचा दिवस टाळा. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवच्या यात्रेत निसरड्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास भाविक गेले, ते आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही, आणि झऱ्याच्या शेवाळलेल्या दगडांवर तर चार माणसांची गर्दीही पुष्कळ होते. आईंच्या गुडघ्यांवर चट्टे आहेत, म्हणून उतरताना त्यांचा हात धरा. आंघोळ करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा : दगडाने, काथ्याने किंवा नखाने खवले घासून काढायचे नाहीत. सोरायसिसमध्ये त्वचा जिथे खरवडली जाते तिथे नवा चट्टा उठू शकतो, आणि झऱ्यावर भक्तिभावाने अंग घासण्याची पद्धत नेमकी तीच इजा करते. नुसते पाणी अंगावरून वाहू द्या, दहा मिनिटे पुरे. उघडी जखम किंवा रक्त येणारी भेग असेल तर त्या सोमवारी फक्त पाण्याचे दर्शन घ्या, कारण मेथोट्रेक्सेटमुळे संसर्गाशी लढण्याची शक्ती थोडी कमी झालेली असते. बाहेर आल्यावर जुन्या मऊ सुती लुगड्याने अंग टिपून घ्या, पुसू नका, आणि त्वचा ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. सगळे पाणी सुकल्यावर तेल लावले तर अर्धा उपयोग वाया जातो. हे तेल तुम्ही तुमच्या हाताने लावा. तळहातांना आधी लावा.

त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत ताप आला, तोंडात फोड उठले, किंवा चट्ट्यांतून पू येऊ लागला, तर पुढच्या सोमवारची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

पिण्याच्या पाण्याचे सांगते. झरा डोंगरातून येताना स्वच्छ असला, तरी वरच्या बाजूला गुरे चरतात, माणसे बसतात, आणि कुंडात शंभर तांबे बुडतात. आईंनी ते तसेच पिऊ नये. तीर्थ म्हणून तळहातावर घेऊन डोळ्यांना लावावे, डोक्यावर शिंपडावे. कॅन भरून आणायची असेल तर खुशाल आणा, पण रांगेत गावच्या बाया हंडे घेऊन उभ्या असतील तर त्यांच्यानंतर भरा, कारण तुमच्यासाठी जे तीर्थ आहे ते त्यांच्यासाठी रोजचे पाणी आहे आणि वैशाखात ती धार बोटाएवढी होते. घरी आणलेले पाणी देवघरातल्या तांब्यात ठेवा, आईंच्या आंघोळीच्या बादलीत रोज तांब्याभर घाला. प्यायचेच असेल तर खळखळ उकळून आणि गार करून प्या. त्या गावच्या ग्रामपंचायतीतले जलसुरक्षक पाण्याचे नमुने तपासतात. तपासणीचे रसायन घातलेल्या खास बाटलीत नमुना भरून ठेवला आणि एक-दोन दिवसांत तो काळा पडला तर पाणी दूषित आहे असे समजतात. त्यांना विचारले तर ते अलीकडचा निकाल सांगतील.

मुलीला जरूर न्या. तिने आजीच्या हातांकडे पाहावे, प्रश्न विचारावेत, आणि आजीने त्यांची उत्तरे द्यावीत. हा आजार आजीच्या हाताला हात लावल्याने होत नाही हे तिला घरीच एकदा स्पष्ट सांगून ठेवा, म्हणजे झऱ्यावर कोणी तिला मागे ओढले तर तीच बोलेल. फक्त तिला खोल कुंडात उतरू देऊ नका.

आणि पाचांपैकी एका सोमवारी तरी भावाला पुण्याहून बोलावून घ्या. परतीची एसटी तिकडे वेळेवर मिळत नाही आणि ओल्या केसांनी आईंना फाट्यावर ताटकळत ठेवणे बरे नाही, एवढे कारण त्याला पुरेल. देवाला हात जोडण्याचा आग्रह त्याला करू नका. गाडी त्याने चालवावी, आणि आई पाण्यात हात धरून बसतील तेव्हा त्याने कॅन घेऊन तिथे उभे राहावे.